लॅपटॉपचा बायोस पासवर्ड विसरलात? स्क्रूड्रायव्हरच्या आधी बिल शोधा

गेल्या पावसाळ्यात सांगलीच्या मार्केट यार्डातले एक हळदीचे अडते काका लॅपटॉप घेऊन माझ्या दुरुस्तीच्या दुकानात आले. कीबोर्डच्या फटींतसुद्धा हळद. "विंडोज उडालंय, फॉरमॅट मारून द्या," म्हणाले. चालू करून बघितला, तर गाडी विंडोजपर्यंत पोचतच नव्हती. काळा पडदा, मधोमध कुलूप, खाली रिकामी चौकट. पासवर्ड घातलेला त्यांच्या दिवाणजींनी, आणि दिवाणजी पंधरा दिवसांपूर्वी भांडून काम सोडून गेलेले. दोन ठिकाणी 'बोर्ड (मदरबोर्ड) बदलावा लागेल' असं ऐकून काका माझ्याकडे आले होते. मी एवढंच विचारलं, "काका, दिवाणजींना फोन केला का?" काका गप्प. शेवटी त्यांच्या मुलाने फोन लावला. पासवर्ड निघाला गाळ्याचा नंबर आणि त्याला जोडून काकांच्या जुन्या स्कूटरचा नंबर. खर्च शून्य.

तेव्हा पहिली पायरी हीच: पासवर्ड ज्याने घातला असेल त्याला विचारा. इंजिनिअरिंगला असलेला मुलगा, व्हिडिओ बघून 'सेटिंग' करणारा भाचा, लॅपटॉप ज्याच्याकडून घेतला तो दुकानदार, आधीच्या नोकरीतला आयटीवाला. बायोस म्हणजे बटण दाबल्यावर विंडोजच्याही आधी चालू होणारा, बोर्डवरच्या चिपमधला प्रोग्राम. त्याचा पासवर्ड स्वतःहून उगवत नाही, कुणीतरी तो दोनदा टाइप केलेला असतो.

आणि हो, हे सगळं स्वतःच्या लॅपटॉपबद्दल आहे. सापडलेला, किंवा 'मित्राचा आहे' म्हणून कुणी हातात दिलेला लॅपटॉप असेल तर इथेच थांबा.

नक्की कोणता पासवर्ड अडवतोय?

दुकानात येणाऱ्या दहातल्या निम्म्या लोकांचा घोळ इथेच असतो. पासवर्ड पाच जातींचे आहेत आणि प्रत्येकाचं औषध वेगळं.

रंगीत चित्र, घड्याळ आणि तुमचं नाव दिसल्यावर जो पिन मागितला जातो, तो विंडोजचा. त्याचा बायोसशी संबंध नाही. मायक्रोसॉफ्ट खातं असेल तर तो ऑनलाइन बदलता येतो.

बटण दाबल्याबरोबर, कंपनीचा लोगो येतो न येतो तोच मागितला जातो तो पॉवर-ऑन पासवर्ड. तो दिल्याशिवाय मशिन पुढे सरकत नाही.

लॅपटॉप नेहमीसारखा चालू होतो, विंडोज चालतं, पण बायोसमध्ये जायला गेलं की पासवर्ड मागतो, तो सुपरवायझर किंवा ॲडमिन पासवर्ड. बायोसमध्ये जायचं बटण डेल, एसर आणि असुसवर बहुधा एफ २, एचपीवर एफ १०, थिंकपॅडवर एफ १ किंवा एंटर.

चौथा हार्डडिस्कचा. यात पडद्यावर डिस्कचा उल्लेख किंवा छोटं डिस्कचं चित्र दिसतं. हा सगळ्यांत वाईट. त्याच्याकडे शेवटी येतो.

पाचवा खरं तर पासवर्डच नाही. निळा पडदा येतो आणि बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप घालणाऱ्या विंडोजच्या सोयीची, ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ही की बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. दुसऱ्या मोबाइलवरून त्या खात्यात लॉगिन करून डिव्हाइसच्या यादीत बघा.

सुपरवायझर पासवर्ड विसरलाय पण विंडोज चालतंय, अशी तुमची स्थिती असेल तर घाईचं काहीच कारण नाही. पेनड्राइव्हवरून बूट करणं, सिक्युअर बूट बदलणं असल्या गोष्टी अडतील. पण विंडोज नव्याने टाकायचं असेल तर सेटिंग्जमधल्या 'रिसेट धिस पीसी'ने ते आतूनच होतं, त्याला बायोस लागत नाही. अशा चालत्या लॅपटॉपला हात लावून बंद पाडलेले लोक मी पाहिलेत. आधी सगळ्या डेटाचा बॅकअप घ्या, मग पुढचं वाचा.

कदाचित तुम्ही विसरलाच नाहीत

पासवर्ड बरोबर आणि कीबोर्ड चुकीचा, असं वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा घडतं. बायोसमध्ये तारे किंवा ठिपके दिसतात, अक्षर दिसत नाही. त्यामुळे एखादी की मेली असली तरी कळत नाही. पासवर्ड आठ अक्षरांचा आणि ठिपके सात पडले, तर दोष कीबोर्डचा. साधा यूएसबी कीबोर्ड लावून पुन्हा प्रयत्न करा. वायरलेस नको, वायरचा घ्या.

कॅप्स लॉक बघा. जुन्या छोट्या लॅपटॉपांवर नम लॉकही बघा. तो चालू असला की जे, के, एल या कळांवरून १, २, ३ उमटतात.

पुण्या-मुंबईहून आलेल्या जुन्या 'रिफर्बिश्ड' लॅपटॉपांत आणखी एक गंमत असते. त्यांतले बरेच परदेशातून आलेले असतात आणि कीबोर्ड ब्रिटिश किंवा फ्रेंच असतो. ब्रिटिश कीबोर्डवर २ च्या डोक्यावर दुहेरी अवतरणचिन्ह छापलेलं असतं आणि 'ॲट'चं चिन्ह उजवीकडे. पण बहुतेक बायोस अमेरिकन मांडणी धरून चालतात. छापलेलं चिन्ह बघून तुम्ही दाबता एक, आणि बायोसला कळतं दुसरं. मध्यंतरी कीबोर्ड बदलला असेल तर हे हमखास तपासा.

प्रयत्न करताना कागद-पेन घेऊन बसा. टाकलेला प्रत्येक पासवर्ड लिहा आणि खोडा, नाहीतर तोच तो चार वेळा टाकला जातो. तीन चुकांनंतर बहुतेक मशिन अडून बसतात. बंद करून पुन्हा चालू केलं की आणखी संधी मिळते.

फोटो काढून ठेवा

तीन चुकांनंतर पडद्यावर एखादा आकडा किंवा कोड येत असेल, तर त्याचा मोबाइलने फोटो काढा. एचपी आणि एसरच्या काही मॉडेलांवर 'सिस्टिम डिसेबल्ड' असं लिहून खाली आकडे येतात. डेलवर सात अक्षरी सर्व्हिस टॅग आणि त्याला जोडून आणखी चार अक्षरं दिसतात.

मग लॅपटॉप उलटा करा आणि स्टिकरचा फोटो घ्या. मॉडेल आणि सिरियल नंबर, दोन्ही स्पष्ट यायला हवेत. स्टिकर पुसला असेल आणि विंडोज चालत असेल तर कंपनीच्या मदत-ॲपमध्ये, म्हणजे लेनोवो व्हँटेज, मायअसुस, डेल सपोर्टअसिस्ट यांत नंबर सापडतो. खोक्यावरही तो असतो, म्हणून लॅपटॉपचं खोकं रद्दीत घालू नये असं माझं मत आहे. घरी कुणाला पटत नाही.

आता बिल

खरा वेळ इथे घाला. कंपनी पासवर्ड काढून देवो किंवा बोर्ड बदलून देवो, मालकीचा पुरावा मागितल्याशिवाय हात लावत नाही, आणि ते बरोबरच आहे. बायोस पासवर्ड चोराला अडवण्यासाठीच आहे. गोड बोलून तो कुणालाही काढून मिळाला असता तर त्याचा उपयोग काय?

सांगलीकरांची यातली अडचण वेगळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेचं पाणी ज्यांच्या घरात आलं, त्यांच्याकडे लॅपटॉप माळ्यावर वाचला, पण कपाटाच्या खालच्या खणातली बिलांची फाइल गेली. अशा वेळी लोक 'बिल नाही' म्हणून हात टेकतात. पण बिलाची वाट तिथे संपत नाही.

ऑनलाइन घेतलेला असेल तर ॲपमधल्या जुन्या ऑर्डरमध्ये बिल पडून असतं, डाउनलोड करा. दुकानातून पक्क्या बिलावर घेतला असेल तर त्या दुकानात जा. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे नोंदणीकृत व्यापाऱ्याला हिशेबाची कागदपत्रं, त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. उदाहरणार्थ, ऑनलाइन शाळेसाठी जून २०२१ मध्ये घेतलेला लॅपटॉप. ते आर्थिक वर्ष २०२१-२२; विवरणपत्राची अंतिम तारीख ३१ डिसेंबर २०२२; तिथून सहा वर्षं. म्हणजे ती नोंद दुकानदाराकडे डिसेंबर २०२८ पर्यंत असायला हवी. "दादा, जुनं कुठं सापडायचं आता?" असं उत्तर आलं तर हे शांतपणे सांगा. महिना आणि मोबाइल नंबर दिला की त्यांच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये दोन मिनिटांचं काम आहे. प्रतीवर सिरियल नंबर छापलेला आहे ना, हे तिथेच तपासा.

हप्त्यावर घेतला असेल तर फायनान्स कंपनीच्या कागदांत तपशील असतो. कार्डने पैसे दिले असतील तर बँकेचं स्टेटमेंट जोडा. एकट्या स्टेटमेंटवर काम होईलच असं नाही, पण बिलाच्या प्रतीसोबत वजन वाढतं.

सेकंडहँड घेतला असेल तर विकणाऱ्याकडून मूळ बिल आणि 'विकला' अशी सहीची चिठ्ठी घ्या. तो टाळाटाळ करू लागला तर सावध व्हा. चोरीचा माल जाणूनबुजून किंवा तसं मानायला कारण असताना घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे.

कंपनीकडून काय मिळतं

डेलकडे मालकी सिद्ध झाली की सर्व्हिस टॅगवरून त्या मशिनपुरता उघडण्याचा पासवर्ड देण्याची पद्धत आहे. म्हणून डेलवाल्यांनी आधी फोन करावा. मात्र बायोसमध्ये 'मास्टर पासवर्ड लॉकआउट' हा पर्याय कुणी चालू केला असेल तर हा मार्ग बंद होतो. कंपन्यांतून आलेल्या डेलच्या लॅटिट्यूड मॉडेलांत ही शक्यता धरून चला.

थिंकपॅडबाबत लेनोवो आपल्या माहितीपुस्तिकांतच स्पष्ट लिहितं: सुपरवायझर पासवर्ड विसरलात तर तो काढता येत नाही, सिस्टिम बोर्ड बदलावा लागेल, खरेदीचा पुरावा आणावा लागेल आणि खर्च तुमचा. कडू आहे, पण निदान झुलवत ठेवत नाहीत.

एचपीच्या एलिटबुक, प्रोबुकसाठी कंपनी मालकी तपासून त्या एकाच मशिनवर चालणारी फाइल देत आली आहे, ती पेनड्राइव्हवरून वापरायची. तुमच्या मॉडेलला ती मिळते की बोर्डच बदलावा लागतो, हे सिरियल नंबर देऊन आधी फोनवर विचारा, मग एसटीत बसा. असुस आणि एसरसाठीही हाच क्रम: सिरियल नंबर, बिल, फोन, मग सर्व्हिस सेंटर.

ॲपलमध्ये फर्मवेअर पासवर्ड, म्हणजे मॅकचा बायोस पासवर्डच, हा प्रकार इंटेल प्रोसेसरच्या मॅकपुरताच आहे. तो विसरला तर मूळ बिल घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये प्रत्यक्ष जावं लागतं, फोनवर काम होत नाही. २०१० पर्यंतच्या मॅकमध्ये रॅम कमी-जास्त करून तो निघायचा. ती पळवाट नंतर बंद झाली. २०२० च्या अखेरीस आलेल्या एम १ पासूनच्या मॅकमध्ये हा पासवर्ड नाहीच. तिथे अडवतं ते ॲक्टिव्हेशन लॉक, आणि त्याची किल्ली तुमच्या ॲपल खात्यात.

सेल काढून ठेवण्याबद्दल

"रात्रभर बोर्डवरचा सेल काढून ठेव, सकाळी पासवर्ड गेलेला असतो." हा सल्ला गावभागापासून कुपवाडपर्यंत कुणीही देतो. खोटा नाही, शिळा आहे.

१९८४ च्या आयबीएम पीसी-एटीमध्ये घड्याळाची एक चिप होती आणि तिच्यात ६४ बाइटची चिमुकली मेमरी. सेटिंग्ज तिथे राहायची आणि ती जिवंत ठेवायला सेल लागायचा. पुढे डेस्कटॉपांवर पासवर्डही तिथेच बसू लागला. सेल काढला की मेमरी कोरी, पासवर्ड गायब. जुन्या डेस्कटॉपांवर हे आजही चालतं. बोर्डवर त्यासाठी जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी छोटी टोपीही असते.

लॅपटॉप बनवणाऱ्यांनी पासवर्ड वेगळ्या चिपमध्ये नेला. ही चिप विजेशिवाय वर्षानुवर्षं लक्षात ठेवते. सेल रात्रभर काढा नाहीतर श्रावणभर, तिला फरक पडत नाही. काही जुन्या मशिनांवर फक्त पॉवर-ऑन पासवर्ड सेल काढून जातो, सुपरवायझर जात नाही.

उलट नुकसान होतं. सेल काढला की घड्याळ चुकतं. थिंकपॅडसारखं मशिन चालू होताना तक्रार करतं की तारीख-वेळ चुकली, बायोसमध्ये जाऊन लावा. आणि बायोसमध्ये जायला सुपरवायझर पासवर्ड लागतो! म्हणजे काल विंडोजपर्यंत सुरळीत जाणारा लॅपटॉप आज दारातच अडला. मिरजेच्या एका शिक्षिका बाईंचा लॅपटॉप असाच आला होता, दहावीचे अंतर्गत गुण त्यात. डिस्क काढून दुसऱ्या मशिनला लावून गुण वाचवले. लॅपटॉप मात्र त्यानंतर महिनाभर पडून राहिला.

दुसरा धोका: सेटिंग्ज मूळ पदावर जातात. बायोसमधली डिस्क चालवण्याची सेटिंग बदलली तर विंडोज निळा पडदा दाखवून बसतं, आणि ती परत बदलायला पुन्हा बायोसच लागतो.

कोडवरून पासवर्ड काढून देणारे

जुन्या मशिनांवर पडद्यावरच्या कोडवरून पासवर्ड काढता येतो, हे खरं आहे. फिनिक्स कंपनीच्या काही जुन्या बायोसमध्ये पासवर्डचा १६ बिटांचा गोषवारा (त्यावरून काढलेला छोटा आकडा) ठेवलेला असायचा आणि तोच पाच आकड्यांत पडद्यावर यायचा. १६ बिटांत एकूण ६५,५३६ शक्यता. तुमचा मूळ पासवर्ड न कळताही, तोच गोषवारा देणारा दुसरा एखादा शब्द संगणक चुटकीसरशी शोधतो आणि बायोसला तो चालतो. म्हणून पंधरा वर्षं जुन्या लॅपटॉपसाठी हा प्रयत्न करायला हरकत नाही. नव्या मशिनांवर ही युक्ती बहुधा चालत नाही.

पण त्यासाठी कुठलंही सॉफ्टवेअर उतरवून दुसऱ्या चालत्या कॉम्प्युटरवर चालवू नका. आणि व्हॉट्सॲपवर कोड मागून आधी पैसे पाठवायला सांगणाऱ्या अनोळखी माणसाला सोडूनच द्या. पैसे गेल्यावर तो फोन उचलत नाही.

चिप लेव्हलवाल्याकडे जाण्याआधी

वॉरंटी संपलीय, बोर्डची किंमत लॅपटॉपएवढी होतेय, अशा वेळी उरतो चिप लेव्हलचा कारागीर. बोर्डवर बायोसची आठ पायांची चिप असते. तिला क्लिप लावून किंवा ती काढून प्रोग्रामर नावाच्या छोट्या यंत्रावर वाचायची, दुरुस्त करून परत लिहायची. चांगल्या हातात काम होतं. पण एचपीच्या बिझनेस मॉडेलांत शुअर स्टार्ट नावाची सोय बायोसची वेगळी प्रत ठेवते आणि केलेला बदल उलटवते. नव्या मशिनांत अशी कुलपं वाढतच आहेत. त्यामुळे "शंभर टक्के होणार" म्हणणाऱ्यापेक्षा "बघून सांगतो" म्हणणारा बरा.

दुकानात तीन प्रश्न विचारा. पहिला: "मूळ डंप काढून मला देणार का?" डंप म्हणजे चिपमधल्या मजकुराची जशीच्या तशी प्रत. कारागिराने ती दोनदा वाचून जुळवून घ्यायला हवी आणि एक प्रत तुमच्या पेनड्राइव्हवर यायला हवी. दुसरा: "दुसऱ्या मशिनचा डंप टाकणार की माझाच दुरुस्त करणार?" परका डंप टाकला तर तुमचा सिरियल नंबर आणि कंपनीने चिपमध्ये ठेवलेली विंडोजची की पुसली जाऊ शकते. तिसरा: "चिप किती व्होल्टची?" काही चिपा ३.३ व्होल्टवर चालतात, काही १.८ वर. स्वस्तातला प्रोग्रामर जास्त व्होल्ट देऊन चिप जाळू शकतो. हा प्रश्न ऐकून समोरचा गोंधळला तर लॅपटॉप पिशवीत घालून नमस्कार करा.

त्याआधी बिटलॉकरची की हातात हवीच. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपांत मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट (कुलूपबंद) होते, तुम्हाला पत्ताही लागत नाही. बोर्ड बदलला किंवा बायोसमध्ये ढवळाढवळ झाली की पुढच्या वेळी ४८ आकडे मागितले जातात. पासवर्ड निघाला आणि डेटा गेला, असा सौदा होऊ देऊ नका.

हार्डडिस्कचा पासवर्ड

हा बोर्डवर नसतो, डिस्कच्या पोटात असतो. डिस्क काढून दुसऱ्या लॅपटॉपला लावली तरी ती पासवर्डच मागते. बोर्ड बदलूनही काही होत नाही. पाच चुकांनंतर डिस्क प्रयत्नच नाकारते. वीज बंद-चालू केल्यावर पुन्हा पाच. आठवला तर ठीक, नाहीतर डेटा गेला असंच समजा. काही एन्क्रिप्टेड एसएसडींच्या लेबलवर ३२ अक्षरी पीएसआयडी छापलेला असतो. त्याने डिस्क पुन्हा वापरता येते, पण पूर्ण कोरी होऊन. बाकी डिस्क बदलायची आणि पुढे जायचं.

सेकंडहँड घेताना

पैसे देण्याआधी दुकानातच लॅपटॉप बंद करून चालू करा आणि बायोसमध्ये जाऊन दाखवायला सांगा. पासवर्ड मागितला तर व्यवहार थांबवा. 'आपण काढून देऊ नंतर' यावर विसंबू नका. खाली एखाद्या कंपनीचं मालमत्ता-स्टिकर किंवा ते खरवडल्याची खूण दिसली तर विकणाऱ्याकडून त्या कंपनीच्या लिलावाचा किंवा विक्रीचा कागद मागा. नव्याने विंडोज टाकून इंटरनेट जोडल्यावर एखाद्या कंपनीच्या नावाने लॉगिन मागितलं, तर ते मशिन अजून त्या कंपनीच्या नोंदीत आहे. ते फक्त तीच कंपनी सोडवू शकते.

आणि कुलूप उघडल्यावर? पासवर्ड ठेवायचा असेल तर खुशाल ठेवा, फिरतीच्या माणसाला तो हवाच. तो, बिटलॉकरचे ४८ आकडे आणि सिरियल नंबर एका कागदावर लिहा, बिलाची झेरॉक्स जोडा आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून रेशनकार्ड आणि सात-बारा ठेवता त्या फाइलीत ठेवा. आयर्विन पुलाजवळ पाणी चढायला लागल्याची बातमी आली की आपल्याकडे घरातून पहिली वर जाते ती तीच फाइल.